घर बघायला आलेल्या ताई

बालसंगोपन योजनेच्या अर्जाला जोडायच्या कागदांची यादी लांबलचक आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आई किंवा वडील गेल्याचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, पासबुकाची झेरॉक्स. या सगळ्यांच्या जोडीला एक फोटो मागतात. पालकाने मुलांना घेऊन आपल्या घरासमोर उभं राहायचं आणि मागे घर दिसेल असा फोटो काढायचा. गावातला एखादा पोरगा मोबाइलवर तो काढून देतो. आजी पदर सारखा करते, नातवंडं उन्हाने डोळे बारीक करतात, मागे पत्रा, दार आणि दिवाळीचं वाळलेलं तोरण दिसतं.

फोटोत घर दिसतं, घरातलं काही दिसत नाही. ते बघायला माणूस पाठवावा लागतो. सरकारी कागदांत या माणसाची नावं बरीच आहेत: जिल्हा बाल संरक्षण कक्षातला समाजसेवक, संरक्षण अधिकारी (संस्थाबाह्य), परिविक्षा अधिकारी, क्षेत्र कार्यकर्ता, स्वयंसेवी संस्थेची कार्यकर्ती. गावात मात्र एकच नाव चालतं, ताई. फार तर मॅडम. ‘बालसंगोपनच्या मॅडम आल्यात’ असा निरोप गल्लीच्या तोंडापासून शेवटच्या घरापर्यंत मॅडमच्या आधी पोचलेला असतो.

या ताई नेमकं करतात काय? एखादं घर मोडकळीला आलं, बाप गेला, आई तुरुंगात गेली किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली, दारूने घराची वाट लागली, किंवा एखादं लेकरू रेल्वे स्टेशनवर एकटं सापडलं, की प्रश्न उभा राहतो: या मुलाने राहायचं कुठे? २०१५ चा बाल न्याय अधिनियम सांगतो की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करायचं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. समिती हुकूम देते, पण ती मुलाच्या घरी जात नाही. घरी जाते ती ताई. तिने साधारण १५ दिवसांत सामाजिक चौकशी अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर विसंबून समितीने चार महिन्यांत निर्णय करायचा असतो. बालसंगोपनाचा अर्ज असला तरी वाट हीच, आधी गृहभेट, मग अहवाल, मग समितीचा आदेश. म्हणजे मूल आजीजवळ राहणार की बालगृहात जाणार, हे मुख्यतः दीड-दोन पानांच्या एका कागदावर ठरतं.

या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट माझ्या मते एकच आहे. गरिबी कोणती आणि हेळसांड कोणती, हे ओळखता येणं. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. मळकट कपडे दोन्हीकडे, शाळेला दांड्या दोन्हीकडे, अंगावर मांस नसणं दोन्हीकडे. फरक घरात शिरल्यावर कळतो, तोही बघता आला तर.

ही नजर आपल्याकडे तशी उशिरा आली. महाराष्ट्रातल्या समाजसेवेचा इतिहास पाहिला तर तो मोठ्या प्रमाणात इमारतींचा इतिहास आहे. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. १८७५ मध्ये पंढरपुरात तसंच गृह निघालं. १८८९ ला पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, १८९६ ला कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम, १९०९ ला पुण्यातलं अनाथ विद्यार्थी गृह. गृह, सदन, आश्रम. ज्या विधवेला आणि तिच्या बाळाला समाजाने घराबाहेर काढलं होतं, तिच्यासाठी दुसरं घर बांधण्यावाचून इलाजच नव्हता, तेव्हा या इमारतींची थोरवी कमी करण्याचा प्रश्न नाही. तरी एक गोष्ट सांगायला हवी. फुल्यांच्या त्या गृहातल्या यशवंताला जोतीराव-सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरी नेलं, दत्तक घेतलं, डॉक्टर केलं. ज्यांनी गृह काढलं त्यांनीच मुलाला गृहातून घरात आणलं. आज कायद्याच्या भाषेत आपण ज्याला कुटुंबाधारित संगोपन म्हणतो, त्याचं इतकं चोख उदाहरण आपल्याच घरात असून आपण त्याची गोष्ट वेगळ्याच कारणांसाठी सांगत आलो.

इंग्रज सरकारची इमारत आणखी वेगळी. मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांसाठीचा कायदा झाला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. तिचं डोंगरीचं रिमांड होम ज्या जागी आहे तिथे पूर्वी तुरुंग होता. कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर याच डोंगरीच्या तुरुंगात होते. आगरकरांनी तिथल्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिलं. चुकलेल्या, हरवलेल्या, सोडून दिलेल्या मुलांसाठी मोकळी सापडली ती जागा तुरुंगाची होती, ही गोष्ट नुसती योगायोगाची म्हणून सोडून देता येत नाही. ‘रिमांड होमला टाकीन हं’ ही आईबापांची धमकी पुढे कित्येक दशकं चालली ती उगाच नव्हे.

घरी जाऊन बघण्याची शिस्तशीर पद्धत पश्चिमेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घडत गेली. लंडन, बफेलो, बाल्टिमोर अशा शहरांत दानधर्म करणाऱ्या संस्था मदत मागणाऱ्यांच्या घरी स्वयंसेविका पाठवायच्या. बऱ्या घरच्या या बाया गरिबांना काटकसर शिकवायला जायच्या आणि बहुतेक वेळा त्यांना उपदेशाखेरीज काही जमायचं नाही. बाल्टिमोरच्या अशाच एका संस्थेत हिशेब बघायला लागलेल्या मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला. पुराव्याची शिस्त त्यांनी वकील आणि इतिहासकार यांच्याकडून उसनी घेतली. स्वतः पाहिलेलं वेगळं, दुसऱ्याने सांगितलेलं वेगळं आणि आपण ताडलेलं वेगळं. हे तीन कप्पे वेगळे ठेवले नाहीत तर अहवाल म्हणजे गावगप्पा होतात. आपल्याकडे ही विद्या शिकवणारी शाळा १९३६ साली मुंबईत नागपाड्यात सुरू झाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने निघालेली ती सर दोराबजी टाटा शाळा म्हणजेच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुढे निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था अशी महाविद्यालयं आली आणि ‘एमएसडब्ल्यू’ ही पदवी मराठी घरांच्या ओळखीची झाली. मुलगा काय करतो विचारल्यावर ‘एमएसडब्ल्यू झालाय’ असं सांगितलं की पाहुणे आजही पुढचा प्रश्न विचारतातच, ‘म्हणजे नोकरी काय?’

तर नोकरी ही. एक घर डोळ्यांपुढे आणू. खरं नव्हे, पण बीड, अहिल्यानगर किंवा परभणीकडे अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. बाप मोटारसायकलच्या अपघातात गेला. आई दिवाळीनंतर भावाच्या टोळीबरोबर उसाला जाते, परत येते ती मार्च-एप्रिलात. घरी आजी, अकरा वर्षांची नात, सात वर्षांचा नातू.

ताई दुपारी पोचते. आजी म्हणते, “या की. बसा. च्या टाकते.”

इथेच पहिला पेच. सरकारी कामाला आलेल्या माणसाने अर्जदाराच्या घरचं काही घेऊ नये हे बरोबर. पण महाराष्ट्रातल्या खेड्यात पुढे केलेलं पाणी न घेणं याला फार जुना आणि फार कडू अर्थ आहे. आजी काही बोलत नाही, पण ताईने तांब्या हातात घेतला की नाही हे तिने बघितलेलं असतं. जाणती कार्यकर्ती पाणी पिते, चहाही घेते, कोरा असला तरी. निघताना शेंगांची पिशवी पुढे आली तर मात्र ती हसून परत करते. पहिल्यात नकार दिला तर माणूस दुखावतो, दुसऱ्यात होकार दिला तर अहवाल बाटतो. हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नाही. एक-दोन ठिकाणी चुकल्यावर कळतं.

मग बोलणं. नवख्या माणसाचा प्रश्न असतो, “पोरांना पोटभर मिळतं का?” त्याचं उत्तर जगात कुठलीही आजी ‘हो’ असंच देईल. मुरलेली ताई विचारते, “काल रात्री काय केलं होतं जेवायला?” आणि मग, “सकाळी?” भाकरी आणि मिरचीचा ठेचा, सकाळी चहाबरोबर शिळी भाकरी, दुपारी शाळेची खिचडी. आता काहीतरी हाती लागलं. शाळा बंद असते त्या दिवशी दुपारचं काय, हा पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो, आणि रविवार व सुट्ट्या यांचं कोडं उलगडायला लागतं.

बोलताना डोळे चालू असतात. टेहळणी करायची नसते, पण दिसतं ते दिसतंच. दप्तर भुईवर पडलंय की खुंटीला? शेळी वह्या खाते म्हणून कुणीतरी ते मुद्दाम उंच खुंटीला लावलेलं असेल तर त्या घरात शाळेची किंमत कुणाला तरी आहे. पीठ कशात ठेवलंय, डब्यात किती आहे. पाणी कुठून येतं आणि कोण आणतं. आंघोळीला मोरी आहे की पत्र्याचा आडोसा. रात्री कोण कुठे झोपतं. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आणि विचारायला फार अवघड. अकरा वर्षांची मुलगी असलेल्या घरात, जिथे आई सहा महिने नसते आणि चुलत्याचा कुणी मित्र मुक्कामाला येऊन जातो, तिथे तो विचारल्यावाचून निघता येत नाही.

मुलांशी बोलायचं ते आजीच्या समोर नाही. हापशावर, शाळेच्या वाटेवर, किंवा सरळ शाळेत. “आजी मारते का?” असं विचारलं तर मूल गप्प होतं. “सकाळी उठल्यावर आधी काय करतेस?” इथून सुरुवात केली की दिवस आपोआप उलगडत जातो. पाणी आणायचं, भावाला उठवायचं, भाकरी दोन-तीन थापायच्या कारण आजीला धूर सोसत नाही, मग शाळा. संध्याकाळी परत पाणी. या उत्तरात क्रौर्य नाही. एका पोरीच्या डोक्यावरचं ओझं आहे, आणि ते कुणी बघितलं नाही तर आणखी तीन-चार वर्षांत काय होईल हेही त्यात आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात आणि उचल जोडीला मिळते; एकट्या माणसाला अर्धा कोयता. चौदा-पंधराव्या वर्षी लग्न लागण्यामागे रीतीइतकाच हा हिशेबही असतो. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावात ग्रामसेवकाची नेमणूक असते, पण त्याच्यापर्यंत बातमी बहुधा हळदीच्या दिवशी पोचते. गृहभेट तीन वर्षं आधी पोचलेली असते.

शेजारी, अंगणवाडी सेविका, आशाताई, पोलीस पाटील, शाळेतले गुरुजी यांच्याशी बोलणं हा चौकशीचा उरलेला भाग. त्यात गुरुजींचा हजेरीपट सर्वांत भरवशाचा. माणसं सांगताना बाजू घेतात, हजेरीपट घेत नाही. सोमवारी गैरहजर असेल तर सोमवारी बाजार आहे का बघावं; आजीबरोबर बाजारात भाजी विकायला गेलेलं मूल आणि घरच्यांचा पत्ता नसल्याने भटकणारं मूल, दोघांच्या नावापुढे हजेरीपटात खूण एकच असते.

घरी परतल्यावर किंवा एसटीतच, विसरायच्या आत, काही जणी वहीत कुटुंबाचा नकाशा काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, मेलेल्यावर फुली, भांडणाला नागमोडी रेघ. तलाठ्याकडे देतात त्या वंशावळीत जमीन कुणाकडून कुणाकडे आली ते कळतं. या नकाशात रात्री ताप आला तर कुणाच्या दारावर थाप मारता येईल ते कळतं. आमच्या या कल्पित घरात आजीच्या गोलापासून सगळ्यांत जाड रेघ निघेल ती सख्ख्या मुलाकडे जाणार नाही, ती शेजारच्या एका विधवा बाईकडे जाईल. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस मुलं तिच्याकडेच जेवली. कागदोपत्री ती या कुटुंबाची कुणी नाही. या घराला टेकू मात्र तिचाच आहे, आणि तो अहवालात यायला हवा.

आता अहवाल. तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा अशी: ‘घर अस्वच्छ व अपुरे असून आजी वृद्ध व अशिक्षित आहे. मुलांकडे लक्ष देण्यास कोणी नाही. मुलीकडून घरकाम करून घेतले जाते. सबब मुलांना बालगृहात दाखल करणे योग्य वाटते.’ दुसरी तऱ्हा: ‘पत्र्याची एक खोली. अंगण झाडलेले. मोरी नाही, आंघोळीस पत्र्याचा आडोसा. मुलीची जून ते नोव्हेंबर शाळेतील हजेरी चांगली, त्यानंतर कमी. आई ऊसतोडीस गेल्यानंतर पाणी आणणे मुलीकडे आले. आजीस धुराचा त्रास, गॅस जोडणी नाही. शेजारील महिलेचा नियमित आधार.’ एकही शब्द खोटा नसताना पहिला अहवाल मुलांना घरातून उचलतो, दुसरा गॅसची जोडणी, बालसंगोपनाचे पैसे, आडोशाला दार आणि आई परत येईपर्यंत महिन्याला एक भेट सुचवतो. पहिल्यात विशेषणं जास्त आहेत. अहवालात विशेषण आलं की तिथे बघायचं राहिलं असं समजावं, असं मी या कामातल्या कुणालाही बिनधास्त सांगेन.

बालसंगोपन योजनेत मुलाला आज महिना २,२५० रुपये मिळतात. पूर्वी ही रक्कम १,१०० होती, त्याआधी ४२५. योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व योजना वेगळी. तिच्यात महिना ४,००० रुपये आहेत आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० तर इतरत्र ९६,००० आहे. दोन मुलांचे साडेचार हजार म्हणजे आमच्या आजीच्या घरात किराणा आणि दप्तर दोन्ही. बालगृहातली सगळी मुलं अनाथ असतात हा समज चुकीचा आहे. पुष्कळांची आई किंवा बाप हयात असतो; तिथे निदान दोन वेळचं जेवण आणि शाळा मिळेल म्हणून स्वतः आणून घातलेलं असतं. २०१५ च्या कायद्याच्या सुरुवातीला जी १६ तत्त्वं दिली आहेत त्यांत मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्था हा शेवटचा उपाय, ही दोन्ही आहेत. कोविडनंतर एकट्या राहिलेल्या बायकांसाठी सामाजिक कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी तालुक्यातालुक्यांत फिरले तेव्हा अनेक ठिकाणी बालसंगोपन योजनेचं नावही लोकांना पहिल्यांदाच कळलं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मूल घरीच ठेवावं हे ठरलेलं उत्तर आहे. तसं नाही, आणि उलट्या बाजूची चूक जीवघेणी असते. लंडनमध्ये २००० च्या फेब्रुवारीत व्हिक्टोरिया क्लिम्बिए ही आठ वर्षांची मुलगी आत्येआजी आणि तिच्या साथीदाराच्या छळाने मेली. चार स्थानिक प्रशासनांचे समाजसेवा विभाग, दोन रुग्णालयं आणि पोलीस यांच्याकडे तिची नोंद होती. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशी अहवालाने २००३ मध्ये दाखवून दिलं की तिला वाचवता येईल अशा किमान १२ संधी हातच्या गेल्या. त्यातला एक तपशील मला विसरता येत नाही. तिच्या अंगावर खरूज आहे असं निदान झालं होतं आणि आपल्याला लागेल या भीतीने ठरलेली गृहभेट टळली. अंगावरच्या खुणांना खरूज म्हणून टाकलं गेलं. तिचं प्रकरण ज्या तरुण कार्यकर्तीकडे होतं तिच्या हातात त्या वेळी १९ मुलांची प्रकरणं होती. तिथल्या नियमाने १२ पेक्षा जास्त असायला नको होती.

नॉर्वेत उलट घडल्याचा आरोप झाला. २०११ साली स्टावँगरमध्ये एका बंगाली जोडप्याची दोन मुलं बालसंरक्षण यंत्रणेने काढून घेतली. हाताने भरवणं आणि मुलाला जवळ घेऊन झोपणं यांवरही आक्षेप घेतले गेले असं कुटुंबाने सांगितलं. यंत्रणेने गोपनीयतेमुळे तपशील उघड केले नाहीत. प्रकरण दोन्ही देशांच्या सरकारांपर्यंत गेलं, मुलं भारतात आली, त्यावर २०२३ मध्ये हिंदी चित्रपटही निघाला. खरंखोटं बाहेरून ठरवणं अवघड आहे. पण परदेशात गेलेल्या मराठी आयांनी ती बातमी वाचून हातातला घास क्षणभर थांबवला असेल, यात शंका नाही. बघणारा कुठल्या घरात वाढला, यावर त्याला समोरच्या घरात काय दिसतं हे अवलंबून असतं. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधून आलेल्या कार्यकर्तीला पारधी वस्तीवरचं किंवा वीटभट्टीवरचं घर बघताना हेच भान ठेवावं लागतं.

लंडनच्या त्या १९ आणि १२ च्या आकड्यांकडे परत येतो, कारण आपले आकडे ऐकल्यावर ते चैनीचे वाटतील. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या मंजूर आराखड्यात सगळे मिळून १२ जण असतात. त्यांत समाजसेवक दोन आणि क्षेत्र कार्यकर्ते दोन. जिल्हा लहान असो की मोठा. अहिल्यानगरमध्ये १४ तालुके आहेत आणि क्षेत्रफळ सुमारे १७,००० चौरस किलोमीटर. समजा एखादीने दिवसाला चार घरं केली आणि महिन्यातले वीस दिवस फिरली, तर ऐंशी घरं. पण तिला समितीपुढे हजर राहायचं असतं, पोलीस ठाण्यातून फोन आला की धावायचं असतं, सापडलेल्या मुलाला त्याच्या गावी पोचवायचं असतं, आणि अहवाल संगणकावर चढवायचे असतात. निम्मी घरं झाली तरी खूप. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत समाजसेवकाचं मानधन महिना १८,५३६ रुपये आणि क्षेत्र कार्यकर्त्याचं १०,५९२ रुपये धरलेलं आहे. नेमणूक कंत्राटी. दहा हजारांत आणि स्वतःच्या स्कूटीवर जी बाई तुमच्या तालुक्यात फिरते, तिच्या अहवालात विशेषणं जास्त असतील तर दोष निव्वळ तिचा नाही.

घरांची विचारपूस करणारी माणसं आणखीही ठिकाणी बसतात. मुंबई पोलीस आयुक्तालयात १९८४ साली टाटा संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात बसून मारहाण झालेल्या बाईचं ऐकून घ्यायचं, ही कल्पना तेव्हा नवी होती आणि पुढे राज्य सरकारने ती जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी आहेत. रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक आहेत, ज्यांच्याकडे लोक बिल कमी करायलाच जातात आणि बोलता बोलता वेगळंच काही निघतं. या प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल. पण घराच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचं काम प्रामुख्याने बालसंरक्षणातल्या या ताईंकडे आहे.

सुरुवातीच्या त्या घरासमोरच्या फोटोवरून एक आठवलं. मदतीचे धनादेश वाटताना पुढाऱ्याशेजारी निराधार मुलांना उभं करून काढलेले फोटो वर्तमानपत्रांत आणि व्हॉट्सॲपवर नेहमी दिसतात. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, चेहरा, पत्ता, शाळा प्रसिद्ध करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरासमोरचा तो फोटो फाइलसाठी असतो, फ्लेक्ससाठी नसतो.

तुमच्या ओळखीत, वाड्यावस्तीवर, कामाला येणाऱ्या बाईच्या नात्यात, आई किंवा बाप नसलेली अठरा वर्षांखालची मुलं असतील तर एवढं करा. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी यांच्या कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात मिळतो. त्याला शुल्क नाही. मंजूर करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका. मूल अडचणीत दिसलं तर १०९८ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. कागद जमवायला आजीला तहसीलला दोन-तीन खेपा पडतील, तेवढी एखादी खेप तुम्ही घाला.